मडमाईच्या कबरीवरचा चुना

छावणीवाडीत एक गोष्ट कुजबुजली जायची. दुसरी मोठी लढाई संपली त्या हिवाळ्यात एक म्हातारा गोरा साहेब आला, भर दुपारी त्यानं मडमाईची कबर चाकूनं उकरली, आतलं सोनं रुमालात बांधलं आणि येडशीच्या गाडीनं पसार झाला. बाबामियाँचा त्यात वाटा होता, हे काय सांगायला हवं? नाहीतर सालाबाद कबरींना चुना लावणारा माणूस त्या सालापासून चुन्याचं नाव का काढीना? पारावर ही गोष्ट हळूहळू अंग धरत गेली. आधी नुसती साखळी होती, मग पाटल्या झाल्या, शेवटी मडमेचा सोन्याचा दातसुद्धा त्या रुमालात आला. बाबामियाँचं छप्पर तेवढं गळायचं ते गळतच राहिलं. पण गळक्या छपरानं चांगली गोष्ट कधी अडलीय होय?

येडशीहून दोन कोसांवरच्या या वाडीत एकेकाळी निजामाच्या रिसाल्याची छावणी होती. घोडे होते, गोरे अंमलदार होते, आणि त्यांनी देवासाठी काळ्या दगडाचा एक गिरजा बांधला होता. छावणी उठली, गिरजा राहिला. पुढं त्याचं छप्पर बसलं आणि पारव्यांनी तो ताब्यात घेतला. मागच्या बाजूला दगडी कुंपणात आठ कबरी. त्या कुंपणाच्या फाटकाला कुलूप आणि कुलपाची किल्ली बाबामियाँच्या करगोट्याला. किल्ली त्याच्या बापाकडून आलेली. बाप जाताना एवढंच म्हणाला होता, "बेटा, ये लोगां परदेस में मरे. कोई ना कोई इनकू ढूंडते आयेगा. आया तो उसका आदमी उसकू दिखाना."

त्या बोलावर बाबामियाँनं अख्खी उमर काढली. कुणी आलं नाही. पण येईल तेव्हा जागा नीट दिसली पाहिजे, म्हणून तो झटायचा. शबेबरात आली की आपल्या बापाच्या कबरीला चुना लावायचा आणि तसाच बादली घेऊन गोऱ्यांच्या कबरींकडं निघायचा. चुना कालवायची त्याची बायको मदिनाबी. बाभळीचा डिंक घालून असा चिकट कालवायची की दोन पावसाळे झेलावेत.

"अजी, सुनते क्या," ती बादली हातात देताना टोमणा मारायची, "बाप की कबर कू एक हात, और गोऱ्यांकू दो हात! कौनसी मडम पे दिल आया तुम्हारा?"

"तू कालव. बोलू नक्को."

मडमेची चेष्टा उगाच नव्हती. लिंबाखालच्या कबरीला गाव मडमाई म्हणायचं. पहिल्यांदा कोण म्हणालं, ते ठाऊक नाही. सावली होती म्हणून बाया तिथं टेकायच्या, एवढं खरं. पुढं कुणाला अंगावरचं दूध कमी पडलं, तिनं मडमाईला नवस केला आणि तिला पान्हा फुटला. झालं! बाळंतिणी यायला लागल्या. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, नारळाचं पाणी, समईचं तेल, सगळं कबरीवर.

बाबामियाँनं एकदा फाटकात अडवलं. "धुरपदाबाई, ही गोऱ्यांची जागा हाय. हितं असलं चालत न्हाय."

धुरपदाबाई म्हणजे वाडीतली सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळं ती कुणालाच घाबरत नसे. "मियाँ, गोरी असली तरी बाईच न्हवं का? बाईचं दुखणं बाईला कळतं. तुमाला काय कळायचं? सरका बाजूला."

मियाँ सरकला. हळूहळू त्यालाही वाटायला लागलंच, की एवढ्या बाया म्हणतात म्हणजे मडमच असणार.

आणि मग तो साहेब आला. येडशी स्टेशनातला तारबाबू सिद्धलिंग त्याला बैलगाडीतून घेऊन आला. साहेब सत्तरीचा, उन्हानं भाजून विटकरीसारखा झालेला. सिद्धलिंगनं सांगितलं, "बाबामियाँ, साहेबांचा जन्म इथल्या छावणीतला. चार वर्षांचे असताना आई वारली आणि यांना विलायतेला धाडलं. पुढं मद्रासेकडं नोकरी केली. आता कायमचे परत चाललेत. जायच्या आधी आईची कबर एकदा बघायचीय. संध्याकाळच्या गाडीनं निघायचंय."

बाप खोटं बोलला नव्हता. बाबामियाँनं घरात जाऊन लग्नातली शेरवानी अंगावर चढवली. पोटावरची बटणं काही लागेनात, तसाच आला.

आधी गिरजा दाखवला. पारवे फडफडून उडाले. कोपऱ्यात दगडी कुंडी होती, तीत पावसाचं पाणी आणि दोन पिसं. साहेबानं तिच्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटला.

"याच कुंडीतल्या पाण्यानं त्यांचं नाव ठेवलं होतं," सिद्धलिंग म्हणाला.

बाबामियाँनं शरमेनं मान खाली घातली. त्याची शेळी रोज त्या कुंडीत पाणी प्यायची.

मग फाटक उघडलं. आठही कबरी उन्हात मिठाच्या ढिगांसारख्या पांढऱ्याशुभ्र. बाबामियाँची छाती फुगली. "साहेबाला सांगा, येक साल चुकलो न्हाय. ताप आसंल, दुष्काळ आसंल, चुना म्हंजे चुना."

सिद्धलिंगनं सांगितलं. साहेब हसला, मान डोलावली. मग एका कबरीपाशी वाकला, दुसरीपाशी वाकला, तिसरीवरून बोटं फिरवली. मागं वळून त्यानं हळूच काही विचारलं. सिद्धलिंगला ते मराठीत आणायला जरा वेळ लागला.

"नावं कुठं आहेत, विचारतायत."

बाबामियाँनं जवळच्या कबरीवर हात फिरवला. दगडावर अक्षरं होती, त्याच्या लहानपणी होती. बोट घालून गिरवलेली त्याला आठवत होती. दरसालचा एक हात, दोन हात, डिंकाचा चिकट चुना, वर्षामागून वर्ष. अक्षरं बुजून कबरी अंड्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या आणि ते त्याला आजवर दिसलंच नव्हतं. त्याला ते सुंदर दिसायचं.

"आत हायत," तो कसाबसा म्हणाला. "चुन्याच्या आत. पर साहेब, मडम कंची त्ये म्या सांगतो. ह्ये बघा, ह्या लिंबाखाली."

उघडं फाटक बघून नेमकी धुरपदाबाई तिथं आलेली, सोबत तिची बाळंतीण लेक महानंदा, हातात खोबरं-गूळ. साहेब कबरीपाशी गुडघे टेकून बसला. खिशातला चाकू काढून त्यानं चुना खरवडायला घेतलं. तेलानं आणि नारळाच्या पाण्यानं तिथला चुना सुटला होता, पोपडे झरझर पडले. कुंपणाबाहेर शेळ्या राखणारा बब्रुवान भिंतीवरून मान काढून बघत होता. गावातली बातमी त्याच्या तोंडून निघाली की तिला शिंगं फुटूनच निघायची.

अक्षरं दिसली. साहेबानं ती वाचली. पुन्हा वाचली. सिद्धलिंगनं त्याच्या खांद्यावरून वाकून वाचली आणि एकदम आभाळाकडं बघितलं.

साहेबानं विचारलं. सिद्धलिंग म्हणाला, "दुसरी एखादी बाईची कबर आहे का, म्हणतायत."

"न्हाय," बाबामियाँ ठासून म्हणाला. "मडम येकच. हीच. समद्या गावाला इचारा."

साहेबानं बाकीच्या सात कबरींवरून नजर फिरवली. सूर्य कलला होता. बैलगाडीवाला बैल जुंपायला लागला होता.

तेवढ्यात धुरपदाबाई पुढं झाली. "ह्यो लेक व्हय मडमाईचा? अगं बया, किती उशिरा आला रं बाबा! माय कवाधरनं वाट बघतीया." तिनं खोबरं-गूळ त्याच्या हातावर ठेवला. "घे. तुज्या आईचा परसाद हाय. तिनं लई लेकरं जगिवली."

सिद्धलिंगनं ते इंग्रजीत सांगितलं. साहेबानं महानंदाच्या कुशीतल्या पोराकडं बघितलं, गूळ तोंडात टाकला आणि मान झुकवली. रुमाल पसरून कबरीवरचं काहीबाही गोळा केलं. मग बाबामियाँचा हात दोन्ही हातांत धरून तुटक हिंदुस्तानीत म्हणाला, "शुक्रिया. बहुत अच्छा रक्खा."

गाडी गेली. बाबामियाँ त्या रात्री जेवला नाही.

पुढच्या बाजारी तो येडशीला स्टेशनात गेला. "सिद्धलिंगराव, दगडावर काय लिव्हलं हुतं?"

"काय असायचं? साहेबांच्या आईचं नाव."

"तुमी आभाळाकडं बघितलं, तवाच म्या वळखलं. माज्या बापाची आण हाय तुमाला."

सिद्धलिंगनं सांगितलं. साहेबाचं जहाज एव्हाना सुटलं होतं. पत्ता तारबाबूकडंही नव्हता.

घरी येऊन बाबामियाँनं खुरपं घेतलं आणि उरलेल्या सात कबरींवर बसला. आधी पाण्यानं भिजवलं, मग तेल लावलं, मग खरवडलं. चुना निघाला, पण सोबत दगडाची कातडीही घेऊन निघाला. एका कबरीवर एक अक्षर दिसल्यासारखं झालं आणि बोट लावताच त्याची भुकटी झाली. मदिनाबी शेजारी येऊन बसली. तिनं ती भुकटी चिमटीत धरून बघितली. "मेरे डिंक का चुना है," ती म्हणाली. "अकेला नहीं निकलता." त्यानंतर तिनं मडमेवरून त्याला कधी चिडवलं नाही.

त्यानं खुरपं ठेवून दिलं. चुनाही कायमचा ठेवून दिला.

बाया येतच राहिल्या. एकदा त्यानं धुरपदाबाईपाशी तोंड उघडलं. "धुरपदाबाई, त्या कबरीत..."

"महानंदाला लई दूध आलं बघा, मियाँ," ती म्हणाली. "दोन लेकरं पितील येवडं. काय म्हणत हुता?"

"कुच नै. अच्छा हुवा." त्यानं करगोट्याची किल्ली काढली आणि फाटक उघडलं. पुढं निजामाचं राज्य गेलं. किल्ली मात्र कुणी परत मागितली नाही.

आता त्या रुमालाचं. रुमालात सोनं नव्हतं, चुन्याचे पोपडे होते. लिंबाखालच्या कबरीत मडम नाही. तिथं रिसाल्याच्या घोड्यांना नाल मारणारा एक गोरा सार्जंट पुरलेला आहे. तो तापानं मेला. साहेबाची आई उरलेल्या सातांपैकी कुठल्या कबरीत आहे, ते कुणालाच माहीत नाही.