निकेलखालचं पितळ

“वयनीनं चिंच लावून नासवलेली मशीन ना ती?” आत्या आतल्या खोलीत म्हणाली आणि बायका हसल्या. ती वयनी म्हणजे माझी काकी; तीही हसली. मी दाराबाहेर ताटं पुसत होते — पुसतच राहिले.

कालपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, मैत्रिणींना नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही.

मशीन म्हणजे आजोबांची दाढीची मशीन. जुनी, जड, चंदेरी. मूठ पिळली की वरची दोन झाकणं उघडायची आणि मध्ये पातं बसायचं. तरुणपणी त्यांनी ती कल्याणहून आणली होती. दाढी झाली की कोमट पाण्यात धुवायची, मऊ फडक्यानं टिपायची, झाकणं उघडी ठेवून वाळवायची — हा त्यांचा नेम. लकव्यानं उजवा हात कामातून गेला, तेव्हा हे सगळं काकीकडे आलं. काका वाशिंदला कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी. मुरबाडच्या त्या घरात सासरा आणि सून, दोघंच. एरवी काकी त्यांच्यासमोर पदर सावरून, मान खाली घालून असायची. पण एक दिवसाआड ओटीवर दाढी करताना दोघं बोलायची.

“मामंजी, गाल फुगवा.”

“हळू गो. दाढी करतेस का भात कापतेस?”

सुट्टीत शहापूरहून आले की मी हे लांबून बघायचे. मला त्यांच्याशी असं बोलता यायचं नाही. माझी शाळा इंग्रजी; मराठी पुस्तकी — आणि तेही थोडंच.

बारावीच्या सुट्टीत वाटलं, आपणही त्यांच्यासाठी काहीतरी करावं. झाकणांच्या सांध्यांत साबणाचा पांढरा थर साचला होता. फोनवर एका इंग्रजी व्हिडिओत सांगितलं होतं — पाण्यात थोडं व्हिनेगर, पाच मिनिटं, जास्त नको, वरचा निकेलचा मुलामा जातो. मी बाजारातून व्हिनेगर आणलं, नुसतंच वाटीत ओतलं, त्यात मशीन बुडवली आणि गच्चीवर फोनवर बोलत बसले. किती वेळ? दुपार गेली. खाली आले तर काळपट डाग. घाबरून तारेची घासणी घेतली. जितकं घासलं तितकं खालचं पिवळं पितळ वर आलं. काकी शेतावरून यायच्या आत मशीन पुसून डब्यात ठेवली. व्हिनेगर मोरीत ओतलं. वाटी दोनदा धुतली.

सकाळी आजोबांनी डबा उघडला. आदल्याच दिवशी काकीनं देवाची भांडी चिंचेनं घासली होती; त्यांचा संशय तिच्यावरच गेला.

“मी मशीनला चिंच नाय लावली, मामंजी,” ती म्हणाली.

आजोबा माझ्याकडे वळले. घरात सायन्स शिकलेली मीच. “चिंचेनं असं होतं का गो?”

नुसती गप्प बसले असते तर — नाही, तेही वाईटच. पण मी गप्प बसले नाही. म्हणाले, “हो. चिंचेत ॲसिड असतं.”

खोटं कुठे होतं त्यात? चिंचेत ॲसिड असतंच ना? किती वर्षं मी स्वतःला हेच विचारत आले. आजोबांनी काकीकडून पुन्हा दाढी करून घेतली नाही. न्हावीही बोलावू दिला नाही. दाढी छातीपर्यंत आली. ओटीवरचं बोलणं बंद झालं. आणि त्याहून वाईट हे — दिवाळीत गेले तेव्हा भाकरी वाढताना काकी म्हणाली, “लागलाच असल माझा चिंचेचा हात. कामाच्या गडबडीत ध्यानात नाय राहिलं.”

मी मान डोलावली. मान डोलावली आणि भाकरी खाल्ली.

पाच वर्षं आजोबा तसेच जगले. काल त्यांचं वर्षश्राद्ध झालं, ट्रंक उघडली आणि मशीन निघाली.

हसणं थांबल्यावर काकी बाहेर आली. मशीन तिनं पदरात धरली होती, उघड्या हातात नाही. माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “तूच धू गो. तुला कळतं त्यातलं. माझा हात नको.”

मी मशीन उचलली नाही. आत्या दारात येऊन उभी होती.

“काकी,” मी म्हणाले, “तुझा हात लागलाच नव्हता. मी नासवली. आणि आजोबांना खोटं सांगितलं.”