स्ट्रॉबेरीच्या टपरीवरचं गाणं

लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात मी रोज आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावाबाहेरच्या स्ट्रॉबेरीच्या टपरीपर्यंत चालत जायचे. विकणारी बाई रोमानियाची, पन्नाशीची. वजनकाट्याला फोन टेकवून ती गाणी लावायची. वाद्यं नाहीत, एकच बाई शब्द लांबवत गातेय. फळं निवडताना हिचा हातही त्याच संथ लयीत चालायचा.

मला गाण्यातलं कळतं, असा माझा ठाम समज. एकदा म्हटलं, "किती रडकं हो! गिऱ्हाईक पळेल."

"रडकं कुठे? मेलेल्या माणसाला वाट सांगतो आम्ही. भरभर सांगितली तर वळण चुकेल त्याचं."

मला ते तिथल्या तिथे पटलं. वाईला बाबा गेले, ते सगळं मी मोबाईलवर पाहिलं होतं. पीपीई किटमधल्या माणसांनी घाईघाईत उरकलं. बाबांशी कुणी दोन शब्द बोललं नाही. मी तिला हे सांगितलं. तिने गाणं पहिल्यापासून लावलं आणि स्वतःही खड्या आवाजात गाऊ लागली.

मागे एक गाडी येऊन थांबली. माणूस उतरला, मोठ्याने खाकरला. तिने तळहात उभा केला.

"थांबा जरा. हिचे वडील अजून वाटेत आहेत."