तात्यांनी मोडलेलं वचन

दाविदतात्यांची प्रार्थना ऐकायला मिळणं अवघड होतं, कारण आपण डोळे मिटून मान खाली घालेपर्यंत ती संपलेली असायची. गावातल्या माझ्या पहिल्याच रविवारी मी त्यांना, मंडळीतले वडीलधारे म्हणून, प्रार्थना करायला सांगितलं. ते उभे राहिले, धोतराचा सोगा सावरला आणि म्हणाले, "बापा, काल दिलंस ते पुरलं. आज आमी कामाला लागतो, तू संगं ऱ्हा. आमेन." आणि बसले. मी अजून चष्माच काढत होतो.

मी तेव्हा पंचविशीत होतो. नगरला शिकून नवाकोरा पाळक होऊन आलो होतो आणि वीस मिनिटांच्या आत प्रार्थना आटोपणं म्हणजे देवाला दारातून वाटेला लावणं, असं माझं ठाम मत होतं. उपासनेनंतर मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, "तात्या, देवाशी जरा सविस्तर बोलावं."

ते गोड हसले. "त्याला ठावं हाय की सगळं, सायब. मंग कावून त्याचं डोकं खावं?"

चकलांब्याच्या अलीकडे, फाट्यावरून आत चालत गेलं की आमचं गाव लागायचं. ख्रिस्ती घरं सगळी मिळून एकोणीस. पत्र्याचं चर्च, समोर कडुलिंब, आणि लिंबापलीकडे तात्यांचं घर. तात्या गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते. सकाळी सोसायटीच्या पत्र्याखाली उभे राहून ते एकेकाच्या दुधात लॅक्टोमीटर सोडायचे, आणि तो स्थिरावेपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत. दूध पाटलांचं आहे की वेशीबाहेरच्या कुणाचं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एकदा त्यांच्याच घरच्या दुधात तो खाली गेला. रांगेत त्यांची बायको, मार्थाकाकू, उभ्या होत्या.

"ह्यात पानी हाय," तात्या म्हणाले.

"भांडं खंगाळलं व्हतं. निथळायचं ऱ्हायलं असंल," काकू कुजबुजल्या.

"मंग आज आपलं दूध आपल्या घरी. व्हा म्होरं, कोन हाय?"

रांग खदखदून हसली. काकू दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत, आणि तात्या दोन दिवस रोज बिनसाखरेचा चहा मुकाट्याने प्यायले.

मी आलो त्या साली पाऊस अर्ध्यावर परतला होता. पुढच्या साली तो आलाच नाही. चर्चमागची विहीर आटली तेव्हा तात्यांनी माणसं गोळा केली आणि गाळ उपसायला सुरुवात केली. साठीच्या घरातला तो माणूस सकाळी कमरेला दोर बांधून खाली उतरायचा तो ऊन माथ्यावर आल्यावर वर यायचा. मग लिंबाखाली पाय पसरून भजन गुणगुणत बसायचा, जणू विहीर काठोकाठ भरली आहे. मला त्या निवांतपणाचा राग यायचा. एकदा विचारलं, "तात्या, एवढं करून पाणी लागलं नाही तर?"

"खांदायचं काम माझं. ते झालं आजचं. पानी आनायचं काम त्याचं. त्याच्या कामात म्या कावून नाक खुपसू?"

पाणी लागलं नाही. तात्यांनी दोर गुंडाळून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी गावाबरोबर टँकरच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मला वाटलं, या माणसाला देवाबद्दल तळमळ नाही. तळमळ मला होती. म्हणून मी तीन दिवसांची उपवास-प्रार्थना जाहीर केली.

शुक्रवारी सकाळी एकोणीस घरांची मंडळी चर्चमध्ये आली. जनावरांपुढे उरलासुरला कडबा टाकून आली होती. मी सर्वांना हात वर करायला लावले आणि वचन घेतलं, की रविवारची उपासना संपेपर्यंत कोणीही चर्चच्या आवाराबाहेर पाऊल टाकणार नाही. तात्यांनीही हात वर केला. असं वचन देवाने मागितलं नव्हतं. ते मला सुचलं होतं, आणि सुचलं म्हणून मी स्वतःवर फार खूश होतो.

शनिवारी सकाळी सोसायटीचा माणूस सायकलवरून आला आणि कुंपणापाशी तात्यांना निरोप देऊन गेला. तीन कोसांवर सरकारने चारा छावणी उघडली होती. जनावर समक्ष आणायचं, त्याच्या कानात बिल्ला मारून घ्यायचा, मगच त्याला चारा. नोंदणी आज दिवस मावळेपर्यंत. त्यानंतर नवं जनावर घेणार नव्हते.

तात्या आत आले. मी गुडघ्यांवर होतो. त्यांनी निरोप सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला आणि म्हणाले, "पाळकसायब, जाऊ द्या सगळ्यांला. सांजंला माघारी येतो, मंग ऱ्हायलेली प्रार्थना करू."

मी म्हणालो, "वचन दिलंय, तात्या. देव पाहून घेईल."

"वचन दिलंय. ते म्या मोडतो. त्याचा जाब म्या वर देईन. पर जनावरं उपाशी मारायला म्या हात वर केला नव्हता."

मला संताप आवरला नाही. "तात्या, तुमचा देवावर विश्वासच नाही," मी भर मंडळीत बोललो.

ते दारात थांबले. "हाय की, सायब. म्हनून तर तुमा सगळ्यांला त्याच्यापाशी सोडून चाललो." आणि काकूंना घेऊन निघून गेले.

मागून कोणी उठलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी नुसती मान हलवली असती तरी ते पळत गेले असते. पण मी गीत सुरू केलं. थोड्या वेळाने चर्चच्या भिंतीला लागून गुरं जाऊ लागली. गळ्यातल्या घंटांचे आवाज आत येत होते, आणि ज्याची त्याची घंटा ज्याला त्याला ओळखू येत होती. मी आणखी मोठ्याने गाऊ लागलो.

रविवारी दुपारी उपास सुटला. आभाळ कोरडं ठणठणीत. लोक घरी धावले तर गोठे रिकामे होते. त्या दोघा म्हाताऱ्यांनी घराघरांतली गुरं सोडून तीन कोस हाकत नेली होती, ज्याच्या त्याच्या नावाने बिल्ले मारून घेतले होते. भरल्या गोठ्याचं घर गावात एकच राहिलं होतं, तात्यांचं. त्यांची तांबडी गाय गाभण होती, दिवस भरत आले होते. "चालिवली असती तर वाटंतच व्याली असती," ते एवढंच म्हणाले.

गावची गुरं छावणीत तगली. तांबडी आठ दिवसांनी व्याली, पण तिला बिल्ला नव्हता. तात्यांनी छपराचं पाचट उपसून तिला घातलं, लिंबाचा पाला घातला. छावणीतल्या मालकांनी आपल्या वाट्यातली पेंढी देऊ केली, तर म्हणाले, "ती तुमच्या गायीची हाय. दुसऱ्याच्या तोंडातली कशी घेऊ?" शेवटी सिरसाळ्याच्या बहिणीकडे थोडा हिरवा चारा होता, तिच्याकडे गाय-वासरू पाठवून द्यायचं ठरलं. टेम्पो फाट्यावर थांबायचा. तात्या गायीच्या मानेवर हात ठेवून फाट्यापर्यंत चालत गेले आणि दावं खांद्यावर टाकून एकटे परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे सोसायटीत उभे राहून ते छावणीतून आलेलं दुसऱ्यांचं दूध तपासत होते.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. मी भाकरीचं ताट घेऊन उभा राहिलो. सगळे पुढे आले, तात्या दाराजवळ बसून राहिले. मी नजरेने बोलावलं, त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. उपासना सुटल्यावर म्हणाले, "देवाम्होरं हात वर करून दिलेलं वचन मोडलंय, सायब. परत तीच येळ आली तर परत मोडीन. पर मोडलं ते मोडलंच. हिला म्या नेलं, तिचंबी माझ्याच माथी. हितं कोन्त्या तोंडानं हात म्होरं करू?"

त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं की तात्या, दोष तुमचा नाही, असलं वचन घेणाऱ्याचा आहे. पण तसं म्हटलं तर सगळ्या मंडळीपुढे माझी चूक कबूल झाली असती. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो." आणि खरोखर करत राहिलो. रोज, नेमाने, चार महिने. दर महिन्याला ताट त्यांच्यावाचून परत यायचं, आणि मी आणखी तळमळून देवाला विनवायचो. माझ्या हातून त्यांचा प्रभूच्या मेजाचा वाटा तुटला होता, आणि तो जोडून देण्याचं काम मी देवावर टाकून मोकळा झालो होतो.

एका शनिवारी मी चर्चमध्ये गुडघ्यांवर होतो. मार्थाकाकू झाडायला आल्या. मी उठेना तेव्हा म्हणाल्या, "कुनासाठी चाललीया?"

"तात्यांसाठी. देवाने त्यांचं मन मोकळं करावं म्हणून."

"चार म्हैनं झालं न्हाई का?"

"झाले."

काकूंनी झाडता झाडताच विचारलं, "आमचं घर हितनं किती लांब हाय हो, पाळकसायब?"

लिंबाच्या पलीकडे, चाळीस पावलांवर. मी उठलो. तात्या रिकाम्या गोठ्यात दाव्याला पीळ घालत बसले होते. मी दारातच म्हणालो, "तात्या, चूक माझी होती."

"ते मला ठावं हाय," ते वर न पाहता म्हणाले. "मला कावून सांगता? चारचौघांत बोललाव, चारचौघांत सांगा."

दुसऱ्या दिवशी मी ताट हातात घेण्याआधी मंडळीपुढे उभा राहिलो. सांगितलं, की ते वचन देवाने मागितलं नव्हतं, मी मागितलं होतं. त्या दिवशी विश्वास तात्यांपाशी होता, माझ्यापाशी नुसता हट्ट होता. वचन मोडल्याचा दोष माझा आहे, तात्या त्यातून मोकळे आहेत. मग ताट उचललं आणि थांबलो.

सगळे पुढे येऊन गेले. तात्या उठले नाहीत. मी ताट धरून उभाच होतो. त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं, आणि बोलायचं ते बोलून झालं होतं. इतकं रिकामं आणि इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. मग काकूंनी त्यांच्या कोपराला हात लावला आणि ते उठले, सावकाश पुढे आले. चिरा पडलेले ते दोन्ही हात त्यांनी माझ्यापुढे धरले. भाकर घेताना मला तेवढं ऐकू येईल असं म्हणाले, "तुमचं काम झालं, सायब. आता रडू नगा, मान्सं बगत्यात."

पुढच्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं. तांबडी मात्र सिरसाळ्यालाच राहिली. बहिणीची लेकरं तिच्या दुधावर वाढत होती, म्हणून तात्यांनी ती मागितली नाही. माझी बदली झाली. तात्या गेल्याचं काकूंचं पत्र मला मिळालं तेव्हा त्यांना माती देऊन पंधरा दिवस झाले होते. पुढे काकूही गेल्या. मी आता निवृत्त होऊन बीडला राहतो. इथे सकाळी दूध पिशवीतून येतं, आणि ती हातात घेतली की मला तात्यांची इतकी आठवण येते, की बायको विचारते, दूध नासलं का.

माझी प्रार्थना अजूनही लांबतेच, जुनी सवय जात नाही. पण करता करता कोणाचं नाव अडलं की मी मधेच उठतो, चपला घालतो आणि त्या माणसाच्या दाराशी जाऊन उभा राहतो. कितीतरी दारं अशी वाजवली. मध्यंतरी गावाकडे गेलो होतो. चर्चपासून लिंबापलीकडे चाळीस पावलं चालत गेलो आणि उभा राहिलो. तिथं दार नव्हतं.