पाटीवरचं शेवटचं नाव

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर ब्राँझचा जवान उभा आहे. खांद्याला बंदूक, ऊनपावसाने हिरवट पडलेला चेहरा. मी रोज त्याच्यासमोरून बँकेत कामाला जातो आणि त्याच्याकडे बघत नाही.

काल थांबलो. चौथऱ्यापाशी एक आजी लढाईत गेलेल्यांच्या नावांची पितळी पाटी चिंचेने घासत होत्या, देवाची भांडी घासावीत तशी.

"तुमचं कोण यात?" मी विचारलं.

"मालक," म्हणत त्यांनी सगळ्यात खालच्या नावावर बोट ठेवलं. वरची नावं लखलखत होती. तेवढं एकच काळं राहिलं होतं आणि वाटीतली चिंच संपत आली होती.

पुतळा सगळ्यांचा म्हणून उभा केला की त्याला कुणा एकाचा चेहरा देता येत नाही. म्हणूनच माणसं नावापाशी येऊन बसत असावीत.

"आधी त्यांचंच घासायचं ना, आजी," मी म्हणालो.

वाटीतली उरलेली चिंच बोटाने गोळा करत त्या म्हणाल्या, "सुट्टीवर आले तरी सगळ्यांची पानं वाढून झाल्याबिगर ते कधी जेवायला बसले नाहीत. आता मी त्यांना आधी कसं बसवू?"