कुंदाकाकूंची खिडकी

सुजाताताईंना मी पहिल्यांदा भेटलो तो त्यांच्या घाटकोपरच्या ऑफिसात, नोकरी मागायला. नुकताच आर्किटेक्ट झालो होतो. ताईंनी माझी ड्रॉइंग्ज उघडूनही पाहिली नाहीत. जुन्या चादरींचं गाठोडं हातात दिलं आणि म्हणाल्या, "चल, मुलुंडला जायचंय."

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी देसाईसाहेबांचा मोकळा प्लॉट होता. साहेबांनी जन्मभर चित्रं जमवली होती आणि त्या चित्रांसाठी त्यांना नव्या धर्तीचं घर बांधायचं होतं. चित्रांच्या मापाच्या चादरी बांबूंवर टांगायच्या आणि ऊन कुठे पडतं ते दिवसभर बघत बसायचं, ही ताईंची रीत. शेजारच्या सोसायटीतून एकाने विचारलंच, "काय हो, धोबीघाट काढताय काय?"

साहेबांबरोबर त्यांच्या पत्नी कुंदाकाकू आल्या होत्या. त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. खुर्ची डोंगराकडे वळवून त्या आपल्या मटार सोलत बसल्या. मी सगळ्यात मोठी चादर नेमकी त्यांच्यासमोर टांगली.

"काढ रे ती," ताई म्हणाल्या. "काकूंच्या तोंडावर भिंत येतेय."

साहेब भडकले. "अहो, हे घर मी चित्रांसाठी बांधतोय!"

"मग चित्रांनाच राहू द्या त्यात. काकूंसाठी मी दुसरीकडे जागा बघते."

काम हातचं जाणार, या धास्तीने मी चादर पुन्हा टांगायला निघालो. ताई ढिम्म. आठवडाभर रुसून साहेब परत आले. मोठं चित्र जिन्यापाशी गेलं आणि काकू बसल्या होत्या तिथे रुंद खिडकी झाली.

माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताई आमच्या चाळीतल्या खोलीत आल्या. मला कपाट सरकवायला लावलं आणि आईची खाट दारासमोर घेतली. त्यानंतर आईला गल्लीतली जा-ये दिसू लागली. फी म्हणून ताईंनी तिच्या पद्धतीची सुक्या बोंबलांची चटणी मागून घेतली, ती मी केली. ताईंच्या स्वतःच्या खिडकीतून मात्र आजही समोरच्या बिल्डिंगचे पाइपच दिसतात. विषय काढला की म्हणतात, "बघू रे."

एकदा किल्ली दिली की ताई त्या घरी पुन्हा जात नाहीत. "लेक सासरी दिली की तिथले उंबरे झिजवायचे नसतात," असं म्हणतात. पण मुलुंडहून आलो की हळूच विचारतात, "काकू तिथेच बसतात ना?"

तिथेच बसतात. साहेब गेले, त्यांच्या इच्छेप्रमाणे चित्रं संग्रहालयात गेली. भिंती मोकळ्या झाल्या आणि काकूंना एकटं वाटतं. परवा म्हणाल्या, "समोर टॉवर उठतोय. ताईंना म्हणावं, डोंगर दिसतोय तोवर चहाला या ना. ज्यांनी दाखवला, त्यांनी इथे बसून एकदाही बघितला नाही."

ते ऐकल्यापासून मला चैन नाही. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभावं, हे आम्हा सर्वांचं मागणं आहेच. पण ताई, त्या खिडकीतल्या डोंगराला तेवढं आयुष्य उरलेलं नाही. रविवारी मी गाडी घेऊन येतो. नाही म्हणू नका.