हनुवटीवरची जखम आणि शशिकलाताईंचा प्रश्न

डॉ. शशिकलाताईंची आणि माझी ओळख माझ्या चुकीमुळे झाली. नव्वदच्या दशकात ताईंचा बारामतीत दातांचा दवाखाना होता आणि मी कोऱ्हाळे बुद्रुकला साधी प्रॅक्टिस करत असे. गावातले ऊस बागायतदार दिनकरतात्या यांच्या हनुवटीवर एक बारीक जखम होती. वर्षभर मी मलमे दिली. ती सुकायची आणि पुन्हा वाहायची. तात्या तंबाखू खात, त्यामुळे आम्हा दोघांच्याही मनात नको ती, कॅन्सरची शंका आली. आपला रोग तिला लागेल या भीतीने त्यांनी तर नातीला जवळ घेणेही सोडले होते. तपासणीसाठी पुण्याला पाठवण्याआधी तोंड आतून बघून घ्यावे म्हणून मी त्यांना ताईंकडे नेले.

ताईंनी जखमेआधी खालचे पुढचे दात एकेक करून पाहिले. एक किंचित काळवंडलेला होता.

"तात्या, इथं कधी मार लागला होता का?"

"न्हाय वो. दात तर कधी दुखलासुदीक न्हाय." मग आठवून तात्या म्हणाले, "लई वर्सं झाली, विहिरीवरच्या इंजिनाचं हँडल उलटं फिरून हितं बसलं हुतं. पर त्याचं आता काय?"

ताईंचे डोळे चमकले. जखमेच्या तोंडातून त्यांनी रबरासारखी बारीक, लवचिक काडी अलगद आत सरकवली आणि एक्स-रे काढला. काडीचे टोक थेट त्या दाताच्या मुळाशी पोचले होते! माराने दात आतून मेला होता आणि मुळाशी साचलेल्या पुवाने हाडातून बाहेर वाट काढली होती. पू वाहून जात होता, म्हणूनच ठणका नव्हता.

मी ओशाळलो. ताई मात्र तात्यांना म्हणाल्या, "डॉक्टरांनी इथं आणलं, बरं केलं." ते बाहेर गेल्यावर मला हळूच म्हणाल्या, "अशा पहिल्या पेशंटच्या वेळी मीही फसले होते. तेव्हापासून आधी दात बघते."

त्यांनी दात काढला नाही. मूळ आतून स्वच्छ करून भरले. महिन्याभरात जखम आपोआप मिटली. तात्या नातीला कडेवर घेऊन माझ्या दवाखान्यात आले. "डॉक्टर, तुमचं मलम बंद केलं आन बरं वाटलं बगा!"

त्यानंतर अडलेला प्रत्येक रुग्ण मी ताईंसमोर मोकळेपणाने मांडत आलो. त्यांनी मला कधी कमीपणा वाटू दिला नाही. आज पंच्याहत्तरीतही त्या रोज सकाळी दवाखान्यात बसतात. ताईंना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो. माझ्यासारख्या चुकणाऱ्यांना त्या अजून पुष्कळ वर्षे हव्या आहेत.