राणी रवंथ करत नाही

घोडी पाळली की किस्से वेगळे पाळावे लागत नाहीत. लिदीसारखे रोज साठतात. आज उचला, उद्या तेवढेच! मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला मी राणी आणली, त्याला बरीच वर्षं झाली. आता ती म्हातारी झाली आणि मी दमलो. गेल्या वर्षी तिला पोटशूळ उठला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर वाचणं कठीण." तेव्हापासून माझं अर्धं आयुष्य तिच्या पोटाकडे बघण्यात जातं.

*

आमच्या वाडीत सगळे गुरांतले जाणकार. शेजारचे आबा त्यांचे हेड. त्यांचा जन्म बैलांत गेला. गुडघे गेले तेव्हा शेवटची जोडी विकली, गोठा रिकामा झाला आणि सगळं लक्ष राणीवर आलं.

पहिल्याच आठवड्यात धापा टाकत आले. "बाबू, ही घोडी रवंथ करणा नाय! दाखव तिका खंय तरी!"

मी सांगितलं, घोडा रवंथ करत नाही. पटलं नाही. परस्पर डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर लातूरकडचे, शांत माणूस. त्यांनी विचारलं, "आबा, तुम्ही करता का?"

*

राणी उभ्यानेच झोपते, हे वाडीने महत्प्रयासाने मान्य केलं. मग एका सकाळी ती उन्हात आडवी पसरून झोपली. घोडे असेही झोपतात. पण आबांची हाक गेली, "राणी गेली रे!"

मी बाजारातून येईपर्यंत अंगणात वीस माणसं. खड्डा कुठे काढायचा यावर दोन गट पडलेले. गलका ऐकून राणीने एक डोळा उघडला, फुर्र केलं आणि उठून उभी राहिली. एक म्हातारी म्हणाली, "आता इलंव तर चाय तरी टाका!"

*

नालबंद फोंडाघाट उतरून कोल्हापूरकडून येतो. तो आला की जुन्या नालेसाठी रांग लागते. दाराला हवी, होडीला हवी. एकदा सगळ्या वाटून झाल्या आणि एक जण उरला. नुकत्याच ठोकलेल्या नव्या नालेकडे बोट दाखवून म्हणाला, "तिका चार आसत. एक माका दी!"

*

वाळूवर टाकलेला चारा खाल्ला की पोटात वाळू जाते, म्हणून मी चारा उंच टोपलीत ठेवतो. मीठ चाटायला देतो. आबा म्हणाले, "समोर अख्खो दर्या, आणि तू मीठ इकत हाडतंस?" मी मिठाचा खडा राणीपुढे सरकवला.

*

यंदाचा दिवाळीतला पाडवा. त्या दिवशी आमच्याकडे गुरांना न्हाऊ घालतात, गोडधोड देतात, गोठ्याच्या दारात शेणाचा गोवर्धन करतात. मी सकाळी पाणी भरायला गेलो. परत आलो तर राणीच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर कुंकू आणि समोर रिकामी परात. गुळाचे पोहे! परातभर!

"माझ्याकडे आता कोण आसा रे खाणारो?" आबा म्हणाले.

दुपारपर्यंत राणीला घाम फुटला. ती सारखी वळून पोटाकडे बघत होती, खाली लोळू पाहत होती. मी दोर धरून तिला चालवत राहिलो. मला आबांचा भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घातली. म्हणाले, "आता लीद पडली तर वाचली."

सगळी वाडी राणीच्या शेपटीकडे बघत उभी राहिली. आबा सकाळपासून जेवले नव्हते. ते पुढे आले, हात जोडले आणि देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं. मागून वाडी साथ देत होती.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज पाडव्याच्या दिसाक माझ्या हातान चूक झाली, ती पोटात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या मुक्या जनावराक लीद होऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज लातूरच्या डॉक्टरांचा.

ऊन कलताना लीद पडली. टाळ्या वाजल्या! मी राणीच्या मानेत तोंड खुपसलं.

वर बघतो तर आबा नाहीत. ती गरम लीद ओंजळीत घेऊन ते आपल्या रिकाम्या गोठ्याकडे निघाले होते. दारात बसले, तिचा गोवर्धन थापला, वर झेंडूचं एक फूल ठेवलं.

"शेण नाय तर नाय," म्हणाले.